अतिदक्षता विभागाची गोडी छाटणी

माझ्या सासूबाई, म्हणजे माझी पत्नी वेदिका हिच्या मातोश्री, श्रीमती सगुणाबाई ह्या नात्याने माझ्या सख्ख्या मामीही लागतात, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण पुढील निवेदनात मी त्यांना सर्वत्र मामी असेच संबोधणार आहे. तर मामींना दिवाळीनंतर न्यूमोनियाने ग्रासले. सायखेड्याच्या डॉक्टरांनी छाती तपासून हात जोडले आणि आम्ही त्यांना नाशकात आणून द्वारकेच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या द्राक्षामृत मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात दाखल केले. चौकातल्या कोंडीतून हे हाकेचे अंतर कापण्यास रुग्णवाहिकेला जेवढा अवधी लागला, तेवढ्यात हाक मारणारा मनुष्य सायखेड्यास जाऊन, जेवून परत आला असता. परंतु तो ह्या कथेचा विषय नाही.

सदर हॉस्पिटल पंचक्रोशीतील नामांकित द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन स्थापन केलेले आहे. उपचार उत्तम. मामींच्या नळ्या एकामागून एक निघाल्या, त्यांचा आवाज परत आला, आणि आवाजाबरोबर स्वभावही परत आला. मुख्य डॉक्टर यशोधन ह्यांनी तपासून सांगितले, "उद्या घरी न्या. फुफ्फुस अजून नाजूक आहे, जपा." आणि ते एका परिषदेसाठी विमानाने परगावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींना न्यावयास गेलो, तेव्हा त्या उताण्या पडून छताकडे एकटक पाहत होत्या.

"जावईबापू, वर बघा जरा. भुरी पडलीय."

माझे सायखेड्यास कृषी सेवा केंद्र असल्याने बुरशी पाहणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. मी मान वर केली. एसीच्या जाळीभोवती काळपट हिरवा डाग पसरला होता आणि त्याच्या कडा मखमलीप्रमाणे फुगल्या होत्या. मी म्हणालो, "मामी, भुरी पांढरी असते. हे काळं आहे."

"मग काळी भुरी. मोठं हास्पिटल हाय, इथं सगळं येगळंच असायचं."

इतक्यात सिस्टर चैताली औषधाची ट्रॉली घेऊन आल्या. त्यांना विचारले असता त्या वर न पाहताच म्हणाल्या, "मावशी, ते डिझाइन आहे."

"अगं बाई, डिझाइन परवा वाटीएवढं व्हतं. आज भाकरीएवढं झालं. उद्याच्याला परात व्हईल. असं वाढतं डिझाइन माझ्या भावानं बांधलेल्या बंगल्यात बी नाय."

"तुम्ही वर बघूच नका ना मावशी. बीपी वाढतं."

"आता उताणं निजवलं तुम्हीच. वर नाय बघायचं तर काय बघू? माझ्या नाकाचा शेंडा?"

सिस्टर चैताली मनाने चांगल्या होत्या. त्यांनी हॉस्पिटलच्या जंतुसंसर्ग प्रतिबंधक डॉक्टर संपदा ह्यांना बोलावले. डॉक्टर संपदा स्टुलावर चढल्या, कापसाच्या काडीने डाग टिपला आणि खाली उतरून माझ्याशी अत्यंत स्पष्ट बोलल्या. "ही बुरशीच आहे. हिचे कण हवेत उडतात. धडधाकट माणसाला त्यांनी काही होत नाही. पण ज्यांचं फुफ्फुस आधीच कमजोर आहे, त्यांच्या छातीत ही मूळ धरते, आणि मग फार अवघड होतं. तुमच्या मामींना आजच घरी न्या."

मी आनंदाने मामींची पिशवी भरली, चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. परंतु दारावर आम्हांस अडविण्यात आले. प्रशासनाचे म्हणणे असे होते की, बुरशीची तक्रार मामींच्या खाटेवरून उद्भवलेली असल्याने मामी ह्या तक्रारदार ठरतात. तक्रारदार घरी गेल्यास तक्रार आपोआप निकालात निघते. तक्रार निकालात निघणे हे हॉस्पिटलच्या सोयीचे असले तरी न्यायाला धरून नाही. त्यामुळे मामींना न्याय मिळेपर्यंत त्यांनी बुरशीखालीच राहणे त्यांच्या हिताचे होते.

ह्या युक्तिवादात मला कोठेही खोट सापडली नाही, म्हणून मी पिशवी पुन्हा रिकामी केली.

"काय झालं?" मामींनी विचारले.

"तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून थांबवलंय."

"अन्याय झाला तरी चालंल म्हणावं. मला घरी सोडा."

सायंकाळी विश्वस्त मंडळाची तातडीची सभा भरली. तक्रारदाराचा जावई ह्या नात्याने मलाही एक खुर्ची देण्यात आली. अध्यक्षस्थानी चेअरमन शामसुंदरआप्पा होते. आप्पांची द्राक्षे समुद्रापार जातात आणि आजवर त्यांचा एकही कंटेनर परत आलेला नाही, हे जिल्ह्यातील लहान मूलही सांगेल. निदान आप्पा तसे सांगतात.

डॉक्टर संपदा ह्यांनी उभे राहून निवेदन केले. "अतिदक्षता विभागाच्या बरोबर वर गच्ची आहे. गच्चीवर आपण द्राक्षाचा वेल लावलाय. त्याच्या ठिबकचं पाणी स्लॅबमधून झिरपून एसीच्या नळीत उतरतं. ठिबक बंद करा, नळी साफ करा, स्लॅब दुरुस्त करा. तोवर पेशंट खालच्या मजल्यावर हलवा. एवढंच आहे."

'एवढंच' हा शब्द मंडळास अतिशय लागला. गच्चीवरचा तो वेल साधा वेल नव्हता. हॉस्पिटलच्या बोधचिन्हावर तो होता, चादरींवर तो होता, आणि उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांनी त्याच्या मंडपाखाली उभे राहूनच छायाचित्रे काढली होती.

आप्पा शांतपणे म्हणाले, "मॅडम, वेलाला आत्ता मणी धरलेत. ह्या अवस्थेत पाणी तोडलं तर मणी फुगणार कसा?"

"आप्पा, पेशंटच्या फुफ्फुसात बुरशी गेली तर?"

"म्हणून तर म्हणतो, बुरशीचा बंदोबस्त करा. पाण्याच्या मागं कशाला लागता? पाण्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

"पाण्यामुळेच बुरशी येते."

"मॅडम," आप्पांचा स्वर कनवाळू झाला, "बुरशी म्हणजे काय, ते आम्हांला सांगता? आमच्या तीन पिढ्या बुरशीशी भांडण्यात गेल्या."

ह्या वाक्यावर सभेत टाळ्या पडल्या. तदनंतर ही बुरशी नेमकी कोणती, ह्यावर चर्चा सुरू झाली. पिंपळगावकडील सभासदांच्या मते ती भुरी होती. निफाडकडील सभासद डावणीवर ठाम होते. एक वयोवृद्ध सभासद डोळे मिटून करपा, करपा एवढेच म्हणत राहिले. आवाज चढले, जुनी बांधाची भांडणे निघाली, कोणाच्या बागेत कोणामुळे रोग शिरला ते उकरून काढण्यात आले. शेवटी मतदान होऊन डावणी बहुमताने विजयी झाली. डॉक्टर संपदा ह्यांना मतदानाचा अधिकार नव्हता, कारण त्यांच्या नावे बाग नव्हती.

रोग ठरला म्हणजे सल्लागार येणे ओघाने आलेच. दुसऱ्या दिवशी प्रख्यात द्राक्षतज्ज्ञ योगेश सर ह्यांची पांढरी गाडी हॉस्पिटलच्या दारात थांबली. ज्यांनी योगेश सरांना बागेत शिरताना पाहिले आहे, त्यांनाच त्या क्षणाचे गांभीर्य कळेल. सर पान उलटतात तेव्हा बागायतदार श्वास रोखून धरतो. अतिदक्षता विभागात श्वास आधीच मोजून मापून चाललेले असल्याने ती शांतता अधिकच गहिरी झाली.

सरांनी खिशातून भिंग काढले, छताकडे पाहिले, मामींकडे पाहिले, आणि सिस्टर चैतालींना पहिला प्रश्न केला.

"छाटणी कधी घेतली?"

"कसली छाटणी?"

"विभागाची."

सिस्टर गोंधळल्या. आप्पा मदतीस धावले. "सर, उद्घाटन दसऱ्याला झालं."

"मग तीच गोडी छाटणीची तारीख धरा. दिवस तिच्यापासून मोजा." फळासाठी घेतात ती गोडी छाटणी, आणि बागेचे सगळे हिशोब तिच्यापासून चालतात. सर पडदा बोटाने बाजूला सारत फिरू लागले. "पानांचा पसारा फार दाट झालाय आप्पा. हे पडदे, ह्या खाटा एकमेकीला चिकटून. हवा खेळायला जागाच नाही. आणि हे कोण?"

हे, म्हणजे मी होतो.

"ते पेशंटचे जावई," सिस्टर म्हणाल्या.

"फेलफूट," सर म्हणाले. "स्वतः फळ देत नाही, नुसता रस ओढतो. काढून टाका."

मला आदरपूर्वक काचेबाहेर काढण्यात आले. दार किंचित उघडे असल्याने पुढील संभाषण मला ऐकू येत होते. सलाइनची बाटली आणि तिच्यातून थेंब थेंब उतरणारे पाणी पाहून सर प्रथमच प्रसन्न झाले. "ठिबक मात्र नमुनेदार आहे. कोणी बसवलं?"

"मी," सिस्टर चैताली म्हणाल्या.

"शाब्बास. आमच्या शेतकऱ्यांना असं जमत नाही."

मग सर मामींच्या खाटेशी थांबले आणि त्यांनी मामींचे मनगट दोन बोटांत धरून दाबून पाहिले.

"काडी बारीक आहे," ते म्हणाले. "पण पक्व आहे. माल धरेल."

"सायेब," मामी म्हणाल्या, "ह्या वयात आन कुठला माल धरू? तीन लेकरं झाली, नातवंडं झाली. आता घरी सोडा."

सरांनी जाण्यापूर्वी तीन उपाय सांगितले. विरळणी, म्हणजे एकाआड एक खाट बाहेर. पडदे काढणे. आणि बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची, भरपूर फवारणी. डॉक्टर संपदा म्हणाल्या की, ह्या तिन्ही उपायांनी झिरपणारे पाणी थांबणार नाही. सर म्हणाले की, त्यांच्या सल्ल्यात मध्ये बोलणाऱ्या बागायतदाराची बाग ते पुन्हा पाहत नाहीत. आप्पांनी डॉक्टर संपदा ह्यांच्या वतीने माफी मागितली.

विरळणी त्याच दिवशी झाली. एकाआड एक रुग्ण व्हरांड्यात नेऊन ठेवण्यात आले. तेथे मोठी खिडकी होती, ऊन होते, आणि खालून द्वारकेच्या चौकातील भोंग्यांचा उत्साहवर्धक आवाज येत होता. व्हरांड्यातील रुग्ण सायंकाळपर्यंत उठून बसले आणि एकमेकांच्या गावची चौकशी करू लागले. परंतु व्हरांडा हा अतिदक्षतेत मोडत नसल्याने ही सुधारणा वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य धरता आली नाही. मामी तक्रारदार असल्यामुळे त्यांची खाट मात्र जागची हलली नाही. डाग तोवर ताटाएवढा झाला होता.

फवारणीसाठी मोरचूद आणि चुना पुरविण्याचा मान माझ्या दुकानास मिळाला. माझ्या मामींच्या उपचारात आपलाही खारीचा वाटा असावा, ही माझी कळकळ होती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी निळ्या पिंपात द्रावण तयार केले. चुना बेताचा पडला आहे की नाही, हे पाहण्यासाठी लोखंडी विळा बुडवावा लागतो. तो नसल्याने उपाहारगृहातील विळी आणून बुडविली. प्रारंभी आप्पांनी स्वतःचा ब्लोअरचा ट्रॅक्टर आणला होता. ट्रॅक्टर लिफ्टमध्ये मावत नाही, हे प्रत्यक्ष करून पाहिल्यावर सिद्ध झाले. तेव्हा पंप खालीच ठेवून त्याची नळी बाहेरून तिसऱ्या मजल्यावर चढविण्यात आली. अतिदक्षता विभागाची खिडकी जंतू येऊ नयेत म्हणून कायमची बंद केलेली होती. ती नळी येण्यापुरती फोडण्यात आली.

आता रुग्णांचा प्रश्न राहिला. त्यांच्या अंगावर औषध उडू नये, ह्याची काळजी घेणे आवश्यक होते. ह्यावर उपाय शोधण्याची गरजच पडली नाही, कारण बागेत मण्यांना ऊन लागू नये म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद लावतात, हे तेथील प्रत्येकास पाठ होते. आप्पांच्या बागेतील बायका आल्या आणि त्यांनी सरावलेल्या हातांनी एकेका रुग्णाला पेपर लावला. काम इतके सफाईचे होते की, सुतळीची गाठ कोठे आहे, ते दिसतसुद्धा नव्हते.

"जावईबापू!" कागदाआडून मामींचा आवाज आला. "माझ्या तोंडावर निधनवार्तेचं पान लावलंय ह्या बायांनी. निदान राशिभविष्याचं तरी लावा म्हणावं!"

मी काचेबाहेरून विनंती केली, परंतु तोवर पंप सुरू झाला होता.

फवारणी अप्रतिम झाली. छत, भिंती, यंत्रे, पंखे, सगळे आकाशी निळे झाले. कागद मात्र बागेतल्या उन्हासाठी असतो, पंपाच्या माऱ्यासाठी नव्हे. तो भिजून विरघळला, आणि औषध सरळ रुग्णांच्या अंगावर उतरून तेथे सुकले. कपाळ, ओठ, नखे, सगळ्यांचा एकच सुरेख मोरचुदी रंग झाला.

नेमक्या त्याच सुमारास डॉक्टर यशोधन परिषदेहून परतले. त्यांना मधल्या घडामोडींची काहीच कल्पना नव्हती. दार उघडून त्यांनी पाहिले, तर संपूर्ण अतिदक्षता विभाग निळा पडलेला.

"सायनोसिस!" ते ओरडले. "सगळ्यांना ऑक्सिजन लावा! एवढ्या पेशंटांचा प्राणवायू एकदम कसा गेला?"

धावपळ उडाली. मामींच्या बोटाला चिमटा लावला, पण नख निळे असल्याने यंत्राला काही वाचता येईना. ते नुसते पी पी करत राहिले.

"अहो डाक्टर," मामी म्हणाल्या, "मेले नाय मी. रंगले हाय."

डॉक्टर यशोधन ह्यांचा चेहरा काळवंडला. ते हलक्या आवाजात सिस्टरांना म्हणाले, "असंबद्ध बडबड सुरू झालीय. मेंदूला प्राणवायू पोचत नाहीये. व्हेंटिलेटर तयार ठेवा."

"आता गं बया! जावईबापू, ह्याला सांगा कोणीतरी!"

मी काचेवर थापा मारू लागलो. सिस्टर चैतालींनी घाबरून ओल्या कापसाने मामींचा गाल पुसला, तर गालावर स्वच्छ गव्हाळ रंगाचा पट्टा उमटला. डॉक्टर यशोधन वाकून पाहू लागले.

"गालापुरती सुधारणा आहे," ते थरथरत्या स्वरात म्हणाले. "पुसा. पुसत राहा. उपचार लागू पडतोय!"

सर्व सिस्टर, आया आणि मावश्या बादल्या घेऊन भिडल्या. सूर्य मावळण्याच्या आत एकूण एक रुग्णाचा मूळ वर्ण परत आला. एवढ्या गंभीर रुग्णांना एकाच दुपारी मृत्यूच्या दाढेतून ओढून काढल्याचे उदाहरण दुसरीकडे सापडणे कठीण. दुसऱ्या दिवशी डॉक्टर यशोधन ह्यांचा शाल आणि द्राक्षांची पेटी देऊन सत्कार झाला. सत्कारास उत्तर देताना ते म्हणाले की, ह्या यशाचे श्रेय कोणा एकाचे नाही. हे त्यांच्या संपूर्ण भाषणातले एकमेव खरे वाक्य होते.

ठिबक ह्या सर्व काळात चालूच होते. निळ्या रंगाला आठवड्याच्या आत ओल आली, पोपडा धरला, आणि त्याच्या आतून डाग पुन्हा डोकावला. आता तो मामींच्या भाकिताप्रमाणे परातीएवढा झाला होता. आणि मामी खोकू लागल्या.

तो खोकला मी काचेबाहेरून ऐकला, आणि काचेला कान लावला. कारण ही तीच मामी होती, जिचा आवाज सायखेड्यात नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला जातो, आणि ती आता एका वाक्यात दोनदा थांबत होती.

"जावईबापू... वेदिकेला... सांगू नका. घोर लावून घेईल पोरगी."

डॉक्टर संपदा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अजून छातीत उतरलेलं नाही. मी तपासलंय. पण आणखी थोडे दिवस त्या तिथेच राहिल्या, तर मी काही सांगू शकत नाही. काय वाटेल ते करा, त्यांना बाहेर काढा."

मी तडक आप्पांच्या दालनात गेलो. ह्या वेळी मी कोणताही युक्तिवाद मान्य करणार नव्हतो.

"आप्पा, तक्रार मागं घेतो. मामींना सोडा."

"तक्रारीचं काही राहिलंच नाही हो," आप्पा प्रेमाने म्हणाले. "फवारणी झाली, विषय संपला. बसा, चहा घ्या."

"मग नेऊ त्यांना?"

"ते कसं नेता येईल? आत्ताच तर फवारणी झालीय. फवारणीनंतर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे औषध उतरेपर्यंतचे दिवस, पाळल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम आहे. माझा एकही कंटेनर कधी परत आलेला नाही."

"आप्पा, ती माझी मामी आहे. कंटेनर नाही."

"तुमच्या भावना मला कळतात. माझीही आई होती. पण उद्या बाहेर कोणी त्यांना तपासलं, अंगात औषधाचा अंश निघाला, तर नाव कोणाचं जाईल? तुमचं की हॉस्पिटलचं?"

"त्या खोकतायत आप्पा!"

"त्यासाठीच तर त्यांना अतिदक्षतेत ठेवलंय."

मी डोके धरून बसलो. आप्पांना माझी दया आली. त्यांनी मार्ग सुचविला. मामींचा नमुना अंश तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तो मर्यादेत बसला तर लगेच सुटका. त्यानुसार मामींच्या नखांचे कातरण, केसांची एक बट आणि लुगड्याच्या पदराचा तुकडा पाकिटात घालून, त्यावर बाग म्हणून हॉस्पिटलचे आणि वाण म्हणून सगुणाबाई असे नाव घालून रवाना करण्यात आला.

"केस कशाला कापून राहिले?" मामींनी विचारले.

"तपासायला."

"नीट तपासा म्हणावं. आन उवा निघाल्या तर... त्या ह्या हास्पिटलच्या. माझ्या नाय."

निकाल आला तेव्हा आप्पांनी मला बोलावून घेतले. त्यांचा चेहरा पडलेला होता. एखाद्या घरात वाईट बातमी सांगायला आलेल्या माणसाप्रमाणे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही बसला हो," ते म्हणाले.

"काय नाही बसलं?"

"माल. तांबं जास्त निघालं. युरोपच्या मापात नाही बसत तुमच्या मामी. मी फार प्रयत्न केले. एकाला फोन लावून पाहिला, पण हल्ली ते लोक फार कडक झालेत."

मी म्हणालो, "आप्पा, मामींना युरोपात जायचंच नाही."

"म्हणजे?"

"त्यांना सायखेड्याला जायचंय."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सायखेडा म्हणजे... लोकल?"

"अगदी लोकल."

"अहो मग हे आधी सांगायचं ना भल्या माणसा!" आप्पा खुर्चीतून उठलेच. त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू फुटले की, मलाही हसू आवरेना. "लोकलला कुठं काय अडतंय! लोकलला सगळं चालतं! चैताली, अगं ए चैताली, सगुणाबाईंना सोडा! लोकलच्या आहेत त्या!"

अशा रीतीने मामी सुटल्या. त्याच सुमारास आप्पांची पिकअप गाडी रिकामे क्रेट घेऊन आमच्याच बाजूला निघाली होती. मामींना क्रेटच्या मधोमध गादी टाकून बसविले. द्वारकेच्या चौकात गाडी नेहमीप्रमाणे अडकली, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने विचारले, "आजी, कुठला माल?" मामींनी छाती भरून वारा घेतला आणि अखंड, एका दमात उत्तर दिले, "युरोपनं परत केलेला!" तो आवाज ऐकून मला खात्री पटली की, त्या वाचल्या. सायखेड्यास अंगणातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा खोकला आठवड्यात गेला, आणि तेव्हापासून त्या मला फेलफूट ह्याच नावाने हाक मारतात.

हॉस्पिटलबाबत थोडे सांगणे उरते. डॉक्टर संपदा ह्यांच्या तक्रारींची मंडळाने अखेर गंभीर दखल घेतली. बुरशीविषयी त्यांची तळमळ पाहून त्यांना बढती देऊन गच्चीवरील वेलाच्या आरोग्याची संपूर्ण जबाबदारी सोपविण्यात आली. वेल ठणठणीत असून त्यावर बुरशीचा मागमूसही नाही, असे त्या कळवितात. खाली अतिदक्षता विभागात काचेची भिंत घालून एक नवा कक्ष उभारला जात आहे. तेथे परदेशातून येणाऱ्या रुग्णांची व्यवस्था होईल आणि हवेची तपासणी रोज होईल. आपण व मी ज्या विभागात जाऊ, त्याच्या दारावर पाटी लावण्याची मंडळास गरज वाटली नाही.

ही हकिकत मी अनेकांना सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. बँकेतले साहेब हसले, शाळेचे मुख्याध्यापक हसले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले आमचे एक साडू तर जमिनीवर बसून हसले. हसून झाले, डोळे पुसून झाले, की प्रत्येक जण इकडे तिकडे पाहतो, मला जरा बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "ते असू द्या हो. पण तुमची तिथं चांगली ओळख झाली असेल ना? आमच्या वडिलांसाठी एक बेड मिळेल का? कुठलाही चालेल. पण मोठ्या हॉस्पिटलात हवा, चार लोकांत सांगता येईल असा."

मी आप्पांना शब्द टाकतो, आणि आप्पा आजवर मला नाही म्हणालेले नाहीत. साडूंचे वडील सध्या तेथेच आहेत.

आपला फोन अद्याप आलेला नाही. येईल तेव्हा संकोच करू नये; वेळ कोणावरही येते. आपले काम निश्चित होईल. आपण ही हकिकत वाचून हसलात, एवढे मात्र मी आप्पांना सांगणार नाही, आणि मला ठाऊक आहे, आपणही सांगणार नाही.